मेंढी आपलं कोकरू कशानं ओळखते

आमच्या शाळेत विज्ञान प्रदर्शनाचे विषय चिठ्ठ्या टाकून वाटायचे. आटपाडी तालुक्यातलं हायस्कूल, नववीचा वर्ग, दिवाळीची सुट्टी संपून आठवडा झालेला. विज्ञानाच्या सरांनी मोबाइलवरून विषयांची यादी उतरवून घेतली होती. तिच्या चिठ्ठ्या कापून त्या खडूच्या रिकाम्या खोक्यात घातल्या होत्या. ज्वालामुखी, पवनचक्की, ठिबक सिंचन, पाणी शुद्ध करायचं यंत्र, सिरींजवर चालणारा जेसीबी. ज्याच्या हाताला जे लागेल ते त्याचं. ह्या पद्धतीत भांडणं होत नाहीत, असं सर म्हणायचे, आणि ते खरंच होतं. आवडच विचारायची नाही म्हटल्यावर पोरं भांडणार कशावरून?

मला जेसीबी लागला. माझ्या बाकावरची मैत्रीण माझी जोडीदार. ती खूश झाली, कारण तिचा भाऊ आयटीआयला होता आणि त्यानं गेल्या वर्षी कुणाला तरी हाच जेसीबी करून दिला होता. चार सिरींजा, सलाईनची नळी, पुठ्ठा, पिवळा रंग. दोन दिवसांचं काम.

मी उभी राहिले.

"सर, मला हा विषय नको."

"का? अवघड वाटतो?"

"न्हाई. सोपा हाय. हिचा भाऊच करनार हाय."

वर्ग हसला. मैत्रिणीनं बाकाखालून माझ्या पायावर पाय दिला.

"मग काय पाहिजे? ज्वालामुखी?"

"मला मेंढरांवर करायचंय."

मागच्या बाकांवरून लगेच "ब्यॅऽऽ" आलं. मग दुसरं आलं, जरा बारीक आवाजात. एकजण म्हणाला, "सर, टेंपो सांगायला लागंल प्रदर्शनाला!" मी वळून बघितलं नाही. मला ते पहिलीपासून पाठ होतं.

सर हसले नाहीत, हे मी त्यांच्या बाजूनं सांगून ठेवते. ते म्हणाले, "मेंढरं हा विषय होत नाही. तो धंदा झाला. विज्ञानात आधी प्रश्न असावा लागतो."

"हाय की प्रश्न."

"कुठला?"

"सांच्याला मेंढरांची खांड चरून परत आली की आमी कोकरं सोडतो. समदी एकदम सुटत्यात, समदी एकदम वरडत्यात. तरीबी मेंढी आपल्याच कोकराला पाजती, दुसऱ्याच्या न्हाई. ती कशानं वळखती?"

"आईला कळतं."

"पर कशानं, सर?"

"वासानं."

"मग लांबनं आवाज आला की वरडत का पळत येती? तितक्या लांब वास जातो व्हय?"

वर्गात आता कुणी ब्यॅ करत नव्हतं. सरांनी खोकं टेबलावर ठेवलं आणि खुर्चीत बसले. मग त्यांनी मला अट घातली. तीन आठवड्यांनी सोमवारी शाळेची निवड होती. नववी-दहावीतून एकच प्रयोग तालुक्याला जायचा होता. "प्रयोग करून आण. उत्तर पक्कं असलं तर तालुक्याला तुझं नाव. नसलं तर गुमान जेसीबीचे पुठ्ठे कापायला बसायचं. कबूल?"

"कबूल."

त्या वयात मला वाटलं, ह्यात काय अवघड? मला प्रश्न माहीत होता आणि मेंढ्या आमच्याच होत्या.

अडचण एवढीच होती की मेंढ्या तिथं नव्हत्या. दिवाळी झाली की आमच्याकडची माणसं मेंढरं घेऊन साताऱ्याकडच्या बागायतीत उतरतात. शेतकरी रानात मेंढरं बसवून घेतात, लेंडीचं खत होतं म्हणून. त्या वर्षी आई आणि आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, तळ कोरेगावच्या अलीकडं होता. मी शाळेसाठी गावात चुलतीकडं. म्हणजे प्रश्न सांगली जिल्ह्यात आणि उत्तर सातारा जिल्ह्यात, मध्ये दोन एसट्या. चुलती म्हणाली, "सर खुळं झालंय का तू, त्ये एकदा ठरवा. कोकरू बगायला कोरेगावला?" पण शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर तिनंच मला दहिवडीच्या गाडीत बसवून दिलं आणि कंडक्टरला दम भरला, "पोरगी एकटी हाय, म्होरल्या गाडीत नीट बसवून द्या."

हा प्रश्न मी काही सरांना गप्प करायला तिथल्या तिथं काढला नव्हता. आमच्याकडं कोकरं आयांना जोडून देणं हे पोरासोरांचं काम असतं. थोरली माणसं मेंढ्या आवरतात, पोरं कोकरू उचलून त्याच्या आईपाशी नेतात. मी सातव्या वर्षापासून ते केलं. चुकीचं कोकरू नेलं की मेंढी ढुशी मारायची आणि आबा ओरडायचे. मी चुकायचे, मेंढी चुकायची नाही. आपल्याला दोन डोळे असून चुकतंय आणि हिला अंधारात कळतंय, ह्याचा मला लहानपणी रागच यायचा. माझ्या विज्ञानाची सुरुवात रागातून झाली, हे मी लाजून सांगत नाही.

आता मी साताऱ्यात एका शाळेत विज्ञान शिकवते. प्रदर्शन जवळ आलं की पालकांचे फोन येतात, "मॅडम, नंबर येईल असा एखादा विषय सांगा." मी सांगत नाही. मी मुलांना वर्गात एकच विचारते, घरी कुठल्या कामात तुला बोलणी बसतात? पोरं आधी लाजतात, मग एकेक बोलायला लागतात. एकीच्या घरी पावाची भट्टी आहे, पीठ जास्त फुगवलं म्हणून ती अब्बांची बोलणी खाते. एकजण टमाट्याच्या क्रेट भरताना पिकलेली खाली घालतो. जिथं आपण बोलणी खाल्लेली असतात, तिथं आपण बारीक नजरेनं बघितलेलं असतं. आवड म्हणजे काही छंदच असला पाहिजे, हे शहरातल्या लोकांनी ठरवलंय. आमच्याकडं कुणाला छंद नव्हते. कामं होती आणि त्या कामांत अडलेल्या गोष्टी होत्या.

तर तळावर पोचले तेव्हा आबा नव्हते. पुढचं रान बघायला ते दोन दिवस लांब गेले होते. आई आणि मी. मी आईला सगळं सांगितलं. कोकराच्या शेपटाखाली कडूलिंबाचं तेल लावायचं, म्हणजे त्याचा स्वतःचा वास झाकला जाईल. मग मेंढीनं पाजलं तर वासाचं काही काम नाही, आणि ढुशी मारली तर वासच खरा. दहा मिनिटं वाट बघायची. नंतर शेपूट पुसून कोकराला नेहमीसारखं पाजायचं. तेल तळावर असायचंच, जखमांना लावायला.

आईनं ऐकून घेतलं. "धा मिन्टं उपाशी?"

"धाच मिन्टं."

"बरं. तुजी शाळा हाय, मी काय बोलू?"

त्या संध्याकाळी आठ कोकरांना तेल लावलं. मेंढ्या कोकरांच्या आवाजानं पळत आल्या, शेपटाशी तोंड नेलं आणि थांबल्या. पुन्हा हुंगलं. मग ढुशी. एक बांडी, काळ्यापांढऱ्या ठिगळांची मेंढी तर आपल्या कोकराभोवती गोल फिरली. ते ओरडलं की जवळ यायची, हुंगलं की मारायची. जवळजवळ सगळ्यांनी तसंच केलं. मी चुलीच्या उजेडात वहीत लिहून घेतलं आणि आईला म्हणाले, "बगितलं? वासच."

आई कोकरांची शेपटं पुसत होती. तिनं वर न बघता विचारलं, "आन तुज्या हाताचा वास?"

"म्हंजी?"

"तू समद्यास्नी धरलंस, चोळलंस. तेलानं मारती का तुज्या हातानं, कुनाला ठावं?"

माझी आई शाळेत गेलेली नाही. पुढं सांगलीत बी.एस्सी.ला असताना आमच्या प्राध्यापकांनी एक अख्खा तास घेऊन हीच गोष्ट शिकवली. तेव्हा वर्गात मला हसू आलं आणि त्यांनी मला उभं केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी काडीला चिंधी गुंडाळून घेतली. चार कोकरांना चिंधीनं तेल आणि चार कोकरांना तशाच दुसऱ्या चिंधीनं नुसतं पाणी. संध्याकाळी उलटं. पाणीवाल्यांना आयांनी पाजलं. तेलवाल्यांना मारलं. आई म्हणाली, "आता पटलं."

आवाजाचं मात्र फसलं. आईच्या मोबाइलवर एका कोकराचं ओरडणं भरून घेतलं आणि घोंगडीच्या आडून वाजवलं. तीन मेंढ्या आल्या. चौथी येत होती, तेवढ्यात मामाचा फोन आला आणि त्या चौघीही बिथरून पळाल्या. मामा विचारत होता, जेवणं झाली का.

तरी एवढं हातात घेऊन मी सोमवारी पहाटेच्या गाडीनं परतून शाळेत गेले तेव्हा माझी मान ताठ होती. बाकावर सिरींजा येऊन पडल्या होत्या. मैत्रीण म्हणाली, "तू तुझ्या मेंढीचं बग, आमी खड्डं काडतो." मी म्हणाले, "काडा." पुढच्या शनिवारी शाळेत चाचणी होती, गाडी चुकली. म्हणून त्याच्या पुढच्या शनिवारी गेले. निवडीच्या आधीचा तोच शेवटचा शनिवार होता.

ह्या वेळी आबा तळावर होते.

मी नवी आठ कोकरं घेतली. तीच पद्धत, चिंधी, तेल, पाणी, दहा मिनिटं. आबा बाजूला उभे राहून बघत होते. मी एका टोकाला पहिल्या दोन मेंढ्यांचं लिहून घेतलं आणि दुसऱ्या टोकाला गेले, तर तिथली तेलवाली दोन्ही कोकरं ढसाढसा पीत होती. मी मागं वळले, तर पहिल्या टोकाचीही आता पीत होती. मला काहीच कळेना. मी लिहिलं, ओळखलं. ओळखलं. ओळखलं. ओळखलं.

त्या रात्री मला झोप लागली, पण ती खोटी झोप होती. सकाळी पुन्हा केलं. पुन्हा तसंच. ज्यांनी मारायला पाहिजे होतं त्यांनी पाजलं. मागच्या वेळचं सगळं उताणं पडलं. उद्या निवड, आणि माझ्या वहीत दोन उत्तरं, एकमेकांच्या विरुद्ध.

न्याहारीला बसलो. आबांनी भाकरी मोडली आणि अर्धी माझ्या हातात दिली. मी घास तोंडाशी नेला आणि थांबले. भाकरीला कडूलिंबाच्या तेलाचा वास येत होता.

मी तर तेलाला हात लावला नव्हता. काडीनं लावलं होतं.

"आबा, तुमच्या हाताला त्याल कुठनं आलं?"

"कुठलं त्याल?"

"हेच."

"पायाला लावलं. टाच फुटलीया."

"दोन्ही हातानी?"

आईनं भगुल्यात तोंड घातल्यासारखं केलं, पण तिला हसू आवरेना. "सांगा की आता! काल सांच्यापासनं धोतराच्या सोग्यानं शेपटं पुसत फिरतायसा. ही हिकडं लिवती, तुमी तिकडं पुसता. मला काय दिसत न्हाई व्हय?"

आबांनी पाण्याचा तांब्या उचलला, ठेवला.

"मग काय करू? लेकरू वरडतंय, आय ढुशा घालती, आन तू वही घिऊन हुबी! धा मिन्टं! माज्या बापाच्या तळावर कवा कोकरू उपाशी वरडलं न्हाई. लोकं काय म्हंत्याल?"

"आवं, पर मी वहीत वळखलं म्हनून लिवलं की!"

"मग वळखलंच की शेवटाला."

"तुमी वळखवलं!"

"त्येच्यात काय फरक हाय? कोकराचं प्वाट भरलं न्हवं?"

मी भाकरी ठेवून उठले. इतकी चिडले होते की रानाच्या बांधावर जाऊन एकटी बसले. मला बापाचा राग येत होता आणि त्याच वेळी कळत होतं की मी त्यांच्या जागी असते तर मीही पुसलं असतं. ते जास्त वाईट होतं. संध्याकाळी परत करून बघावं तर सोय नव्हती. रानमालकाचं काम झालं होतं, दुपारीच तळ हलणार होता, कॅनॉलच्या पलीकडं. आईनं मला दुपारच्या गाडीत बसवलं. आबा मेंढरांमागं होते. लांबून त्यांनी हात केला. मी केला नाही.

सोमवारी मधल्या सुट्टीत सरांना वही दाखवली. सरांनी पानं उलटली. चेहऱ्यावर हसू आलं, तसं ते दाबलं.

"वडिलांनी पुसलं?"

"व्हय."

"मग ह्या दोन वेळा सोडून दे. आधीच्या तीन वेळांचं सांग. छान उत्तर आहे. आवाजानं येते, वासानं ठरवते. तक्ता कर, मी जाड पेन देतो."

"सोडून देते. पर तक्त्यावर लिवनार. पाच वेळा केलं, दोन वेळा वडिलांनी शेपटं पुसली म्हनून धरलं न्हाई."

"कशाला? कुणी विचारणार आहे का?"

"त्ये पान वहीत हाय की, सर."

"अगं, परीक्षक हसतील."

"हसू द्या."

सर जरा वैतागले. "आणि तीन वेळांवर उत्तर पक्कं म्हणता येतं का, ह्याचं काय सांगशील?"

तेच खरं दुखणं होतं.

दुपारी मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीत निवड झाली. जेसीबीनं वाळूची मूठ उचलली आणि बाजूला टाकली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्याकडं एक तक्ता होता. त्यावर शेवटची ओळ मी लिहिलीच होती, वडिलांनी शेपटं पुसल्यामुळे दोन वेळा रद्द. बाई चष्मा लावून वाचत तिथवर आल्या आणि हसल्या. मग म्हणाल्या, "तुमच्या सरांनी अट सांगितली मला. उत्तर पक्कं आहे का?"

माझ्या मागं सर उभे होते. मी "आहे" म्हणाले असते तर ते काही बोलले नसते, हे मला पाठीला कळत होतं.

"वासाचं बरंच पक्कं हाय, बाई. आवाजाचं न्हाई. समदं पक्कं न्हाई."

जेसीबी तालुक्याला गेला.

तालुक्यासाठी जेसीबी नव्यानं, मोठा करायचा ठरला. मी पुठ्ठे कापले. कबूल केलं होतं. नुसते कापले नाहीत, चांगले कापले. त्या जेसीबीचं खोरं माझ्या हातचं होतं आणि ते कुठं अडकलं नाही. घरातली पहिली पदवीधर म्हणून लोक माझ्याकडं बघतात तेव्हा "अरे वा" म्हणतात, आणि त्या "अरे वा"त मला नेहमी ऐकू येतं, सुटलीस बाई मेंढरांतनं. मला कुणी सोडवलेलं नाही. मी दिलेला शब्द पाळणारी माणसं बघत मोठी झाले. कुणाच्या रानात किती रात्री बसायचं ते तोंडी ठरतं, आणि पाऊस आला, पिसाळलेलं कुत्रं आलं तरी तेवढ्या रात्री बसतात. पुठ्ठा कापायला मला कमीपणा वाटला नाही. चिठ्ठीत आलेला विषय माझा आहे, असं म्हणायला मात्र वाटला असता.

आणि ते म्हणायची वेळ आलीच. तालुक्याच्या प्रदर्शनात आमच्या टेबलापाशी परीक्षक आले. जेसीबी चालवून दाखवला. त्यांनी मैत्रिणीला विचारलं, हाच विषय का निवडला? तिनं पाठ केलेलं सांगितलं, ग्रामीण भागाच्या विकासासाठी यंत्रांची गरज ओळखून. मग ते माझ्याकडं वळले. "आणि तू का निवडलास?"

"चिठ्ठीत आला."

सरांनी डोळे मिटले. परीक्षकांना हसू आलं. "म्हणजे तुला दुसरं काही करायचं होतं?"

मी सांगितलं. मेंढी, शेपूट, तेल, पाणी, आबा. ते अर्धं ऐकेपर्यंत थांबले, मग "बरं, बरं" म्हणत शेजारच्या पवनचक्कीकडं गेले. एवढंच. माझ्या बोलण्यामुळं काही झालं नाही, चांगलंही नाही आणि वाईटही नाही. जेसीबीचा तिसरा नंबर आला. मैत्रिणीनं ढाल छातीशी धरून फोटो काढला आणि मला ओढून शेजारी उभं केलं.

परतताना सरांच्या शेजारी बसायची वेळ आली. ते खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, "चिठ्ठीत आला, असं सांगायची काय गरज होती?"

"खरं हुतं, सर."

"खरं होतं, पण माझं नाक कापलंस."

त्यांचं नाक कापायचं माझ्या मनात नव्हतं, पण कापलं गेलं असेल तर ते मी परत चिकटवणार नव्हते. गाडी दोन थांबे पुढं गेली.

"मग," सर म्हणाले, "त्या कोकरांचं पुढं काय करणार आहेस?"

"करनार हाय. संक्रांतीच्या सुट्टीत."

"आता कशाला? प्रदर्शन झालं."

"निम्मं ऱ्हायलंय म्हनून."

सरांनी मान हलवली. ती कौतुकानं हलवली की कंटाळून, हे मी अजून ठरवलेलं नाही.

संक्रांतीला तळ रहिमतपूरच्या बाजूला होता. ह्या वेळी मी वही काढायच्या आधी आबांपुढं बसले. "आबा, परत करायचंय. तुमी पुसायचं न्हाई."

"परदर्शन झालं न्हवं?"

"झालं."

"मग?"

"तुमच्यामुळं निम्मं ऱ्हायलंय."

आबांनी तंबाखू मळली. ती तोंडात टाकून म्हणाले, "धा मिन्टं न्हाई. पाच."

"आठ."

"सा. मोबाइलात मी बगनार. साच्या वर एक मिनिट झालं तर मी पुसनार, मंग तू रड न्हाईतर पड."

"सा. पर तवर तुमी हिकडं तोंड करायचं न्हाई. दिसलं की तुमास्नी ऱ्हावत न्हाई."

सूर्य मावळताना खांड आली. आबा कोकरांकडं पाठ करून बांधाकडं तोंड करून उभे राहिले, हातात मोबाइल, मिनिटं मोजत. मी तेल लावलं, पाणी लावलं, कोकरं सोडली. एकच गिल्ला उठला. आणि आबा, मागं न बघता, बोलायला लागले.

"बांडीनं मारलं. काळतोंडी अजून हुडकतीया. ती लांबकानी आली बग, तिला सापडलं. दोन मिन्टं झाली."

मी लिहिता लिहिता थांबले. बांडीनं खरंच मारलं होतं. लांबकानीपाशी तिचं कोकरू खरंच पीत होतं, पाणीवालं.

"आबा, तुमास्नी कसं कळतंय?"

"वरडतीया की. तुला ऐकू येत न्हाई?"

सहा मिनिटं झाली. त्यांनी स्वतः जाऊन शेपटं पुसली, आणि त्यांना हक्कानं पुसू दिलं मी. पण डोक्यात आता दुसरंच शिरलं होतं. मी म्हणाले, उद्या सकाळी तुमची परीक्षा. तुम्ही पाठ करून बसायचं, मी एकेका मेंढीच्या कोकराला लांब धरणार, ती ओरडेल, तुम्ही कोण ते सांगायचं.

"माजी परीक्षा? मी काय मेंढरू हाय व्हय?"

"बसायचं का न्हाई ते सांगा."

आई म्हणाली, "बसा. लेकीला भ्याला म्हंत्याल लोकं."

सकाळी आबा घोंगडीवर पाठ करून बसले. पटका नीट बांधून, फोटो काढायला बसल्यासारखे. मी एकेक कोकरू लांब नेलं. मेंढी ओरडली की आबा लगेच सांगायचे, बांडी, तुटक्या शिंगाची, काळतोंडी, ती गेल्या साली व्यालेली. एकदाही अडखळले नाहीत. सात झाल्या, सातही बरोबर. आई चूल सोडून येऊन उभी राहिली.

आठवी ओरडली.

"लांबकानी," आबा म्हणाले.

"न्हाई. तिची भन हाय."

आबा गर्रकन वळले. "कोन म्हनतं? लांबकानीच हाय!"

"बगा की."

त्यांनी बघितलं. उठून जवळ गेले, तिचं तोंड धरून बघितलं. ती बहीणच होती. "ती रातीपासनं घसा बसल्यावानी वरडतीया," आबा म्हणाले, "ही परीक्षाच खोटी. मेंढीनं फशिवलं. आठ धर."

"सात."

"अगं, घसा बसलाय तिचा! इच्यार तुज्या आयला."

"घसा बसलाय त्ये बी लिवते. पर सात."

"बापाचं एक धरत न्हाईस?"

आई हसून हसून खाली बसली. आबा मेंढरं चारायला घेऊन गेले तेव्हाही बांधापर्यंत वळून वळून म्हणत होते, आठ हाय, आठ. मी वहीत लिहिलं, आठपैकी सात. खाली लिहिलं, आठवीचा घसा बसला होता असं वडिलांचं म्हणणं आहे. त्यांचं म्हणणं अजूनही तेच आहे. मी आकडा बदललेला नाही.